उरलेल्या चार जागांवर इंदूर

मी विमानतळावर काउंटरला काम करते, त्याला आता नऊ वर्षं होतील. विमान सुटायच्या तासभर आधी आम्हाला कळतं, तिकीट काढलेली सगळी माणसं आली की नाही. न आलेल्यांच्या जागा आणि न विकल्या गेलेल्या जागा मिळून जे उरतं, त्यावर आम्हा नोकरीतल्या लोकांना आणि आमच्या घरच्यांना बसता येतं. उरलं तर. नाही उरलं तर बॅगा उचलायच्या आणि घरी जायचं, कुरकुर करायची नाही. मोखाड्याच्या माणसाला हे समजवायला मला कधी वेळ लागत नाही. आमच्याकडे जीप भरेपर्यंत सुटत नाही आणि भरल्यावर आलेल्याला टपावर जायचं किंवा पुढच्या फेरीची वाट बघायची. विमानाला टप नसतो, एवढाच फरक.

माझं माहेर मोखाड्याजवळचं पोशेरा. नवरा जव्हारजवळच्या आश्रमशाळेत शिक्षक आहे, म्हणून मुलं त्याच्याबरोबर जव्हारला राहतात. मी वसईला खोली घेऊन राहते आणि सुट्टीला घरी जाते. सानिका दहा वर्षांची आहे, रुद्र पाच. आमच्या सहली सगळ्या हाताच्या अंतरावरच्या. शिरपामाळ झालं, दाभोश्याचा धबधबा झाला, जव्हारचा राजवाडा तर इतक्या वेळा झाला की रुद्र तिथल्या कुत्र्यांना नावानं हाक मारतो. दिवाळीत सानिकानं विचारलं, "आई, तू रोज लोकांना विमानात बसवतेस, तर आम्हाला का नाही बसवत?" तेव्हाच ठरवलं, की फेब्रुवारीत, लग्नसराईची गर्दी नसेल असा आठवड्याच्या मधला एक दिवस काढायचा, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

माझ्या आईलाही न्यायचं माझ्या मनात आहे हे कळल्यावर नवऱ्यानं आपण होऊन माघार घेतली. म्हणाला, "पाच जागा मागण्यापेक्षा चार मागितलेल्या बऱ्या. माझ्या जागी तुझ्या आईला ने."

पोशेरा, मंगळवार

आईला विचारायला मी स्वतः गेले, कारण फोनवर ती कशालाही नाही म्हणते. ती राबावर होती. भाताची रोपं जिथं टाकायची, त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून उन्हाळ्याआधी भाजून घेतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. डोक्यावर फांद्यांचा भारा तसाच ठेवून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"उद्या जायचां आणि उद्याच यायचां?"

"हो."

"काम काय तठं?"

"काही काम नाही. बघायचं आणि यायचं."

भारा खाली टाकून ती थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. काम नसताना कुठं जाणं हे तिच्या आयुष्यात बसत नव्हतं. ती ठाण्याला गेली, भिवंडीला गेली, वसईच्या वीटभट्टीवर गेली, पण दर वेळी कामाला. शेवटी म्हणाली, "राब शेजारीण बघंल. पोरांना मी हवी असंल तर येते."

पोरांना ती हवीच होती. मलाही हवी होती.

निघताना तिनं नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या केल्या, सात की आठ, आणि लसूण-मिरचीचा ठेचा. मी म्हटलं, विमानतळावर सगळं मिळतं. ती म्हणाली, "मिळंल तवा मिळंल." जीपनं मोखाडा, तिथून बसनं जव्हार, मुलांना घेऊन विक्रमगड, मनोर करत वसई. आमच्याकडच्या सगळ्यांना हा प्रवास पाठ आहे, त्यामुळे तो मी सांगत बसत नाही.

विमानतळ, बुधवार सकाळ

जायचं होतं उदयपूरला. सानिकाला तळ्यातला राजवाडा बघायचा होता. आदल्या संध्याकाळी मी यादी पाहिली तेव्हा अकरा जागा रिकाम्या होत्या. नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगते, अकरा म्हणजे निश्चिंत झोपावं इतक्या जागा. मी मुलांना सांगूनही टाकलं होतं, उद्या आपण उदयपूरला.

नोकरीच्या पासावर जाताना नीटनेटकं जावं लागतं. सानिका शाळेचे बूट पॉलिश करून आली होती. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, नेहमीपेक्षा चार बोटं खाली. तपासणीच्या चौकटीतून ती गेली आणि यंत्र वाजलं. पायातले चांदीचे वाळे. तपासणीवाल्या बाईनं हिंदीत विचारलं, काढता येतील का. आई म्हणाली, "लग्नात घातले, तवा पाय बारीक होता." बाईला मराठी कळलं असावं, कारण तिनं हसून हातातलं यंत्र वाळ्यांवरून फिरवलं आणि जाऊ दिलं. भाकरीचं गाठोडं मात्र तिनं दोनदा उघडून पाहिलं. ठेच्याचा वास सगळ्या रांगेत गेला.

आत, उदयपूरच्या विमानाच्या दाराशी असलेल्या काउंटरला माझी मैत्रीण प्रतिमा होती. मला बघूनच तिनं मान हलवली. रातोरात एका लग्नाच्या मंडळींनी तिकिटं काढली होती, आणि अकरामधली एकही जागा उरली नव्हती.

"उदयपूर विसर," ती म्हणाली. "इंदूरला नऊ रिकाम्या आहेत. चाळीस मिनिटांत सुटतंय. टाकू नावं?"

सानिकानं तोंड फिरवलं. रुद्रला इंदूर आणि उदयपूर यातला फरक कळत नव्हता, पण बहीण रुसली म्हणून तोही रुसला. आईनं मला विचारलं, "इंदूरात काय हाय?"

"मला तरी कुठं माहीत. मी कधी गेले नाही."

"मंग चला," ती म्हणाली. "नाय माहीत तठंच जायचां."

आम्ही इंदूरला निघालो.

उरलेल्या जागा कधी एका रांगेत नसतात, हे लक्षात ठेवा. आम्हाला मिळाल्या त्या चार कोपऱ्यांत. रुद्रला माझ्याजवळ बसवायला एका भल्या गृहस्थानं जागा बदलली. सानिकाला आमच्या मागच्या रांगेत खिडकी मिळाली, तीही एका कॉलेजातल्या मुलीनं आपण होऊन दिली. आई मात्र पार पुढं, सातव्या रांगेत, दोन लॅपटॉपवाल्यांच्या मधे. मला तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता.

विमानानं जमीन सोडली तेव्हा रुद्रनं माझा हात इतका घट्ट धरला, की नखं उमटली. मग त्यानं विचारलं, "आता उडालं?" मी हो म्हटल्यावर लगेच म्हणाला, "मग सोड," जसा काही हात मीच धरला होता.

दहाएक मिनिटांनी सानिका मागून ओरडली, "आई, खाली बघ." वाकून पाहिलं तर तपकिरी डोंगरांच्या घड्या, आणि त्यांच्या मधे पाण्याचे लांबट तुकडे. वैतरणेचं धरण. मी कधी वरून पाहिलं नव्हतं, पण ओळखायला क्षण लागला नाही. म्हणजे डाव्या अंगाला कुठंतरी मोखाडा, त्याच्या अलीकडे पोशेरा. पुढं पाहिलं तर आई आपल्या जागेवरून अर्धी उठून खिडकीकडच्या माणसाच्या पुढ्यात वाकली होती आणि बोटानं त्याला काहीतरी दाखवत होती. त्यानं लॅपटॉप मिटला होता.

काय दाखवत होतीस, असं मी तिला उतरल्यावर विचारलं.

"राब," ती म्हणाली. "डोंगराला काळं ठिपकं दिसत होतं. त्याला वाटलं वणवा लागलाय. मी म्हटलां, वणवा नाय, आमचं भात हाय ते."

त्या माणसानं तिच्याकडची अर्धी भाकर खाल्ली होती, ठेच्यासकट. खांद्याला खांदा लागून बसलेल्या माणसाला न विचारता खायचं कसं, हा तिचा प्रश्न होता, आणि विमानात ते चालत नाही असं म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

इंदूर

शहर स्वच्छ आहे असं ऐकून होते, ते खरं निघालं. रुद्रनं चॉकलेटचा कागद टाकला तर रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली, उतरून कागद उचलला आणि हँडलला लावलेल्या पिशवीत टाकला. रुद्रनं पुढं दिवसभर प्रत्येक कागद माझ्या पर्समध्ये आणून भरला.

न्याहारीला पोहे आणि जिलबी. पोहे आपल्यासारखे फोडणीत परतत नाहीत, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेला ठेवतात, वरून शेव, कांदा, बडीशेप आणि एक आंबटगोड मसाला. त्याच बशीच्या कडेला गरम जिलबी. आईनं आधी जिलबी बाजूला सारली, मग हळूच चाखली. "सणाचां आणि रोजचां एकाच ताटात खातंत ही मानसां," ती म्हणाली. त्यात नापसंती नव्हती. तिनं दुसरी जिलबीही खाल्ली.

उदयपूरचा राजवाडा हुकला म्हणून सानिका अजून रुसलेली होती. तिला घेऊन इंदूरच्या राजवाड्यापाशी गेलो. सात मजल्यांचा दरवाजा, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. ती मान वर करून मजले मोजत राहिली. तेवढ्यात रुद्रनं विचारलं, "इथली कुत्री कुठंयत?" आणि सानिका सकाळपासून पहिल्यांदा हसली. मग तिची कळी खुलली. आत गेल्यावर पाट्या मोठ्यानं वाचून तिनं आजीला सगळा इतिहास मराठीतून सांगितला, आणि जिथं हिंदी अडलं तिथं मनानं रचून सांगितला. आजी खांबांना हात लावून सागवान बघत होती. जव्हारच्या राजवाड्याचा दगड चांगला, यांचं लाकूड चांगलं, असा तिनं निकाल दिला.

दुपारी बाजारातून जाताना आई एकदम थांबली. एका गाडीवर साठीची बाई मोठाले कंद सोलत बसली होती. सालीवर माती, आत पांढरंशुभ्र. बाजूला कढईत त्याच्या फोडी तळत होत्या.

"अगं हे कोनफळ," आई म्हणाली.

"गराडू है, माताजी," गाडीवाली म्हणाली.

आईचं हिंदी ठाण्याच्या बांधकामांवर शिकलेलं. ते फारसं वापरात नसतं, पण त्या दिवशी ते धडाधड बाहेर पडलं. "हमारे उधर भी है. डोंगर में. हम उकडते है. तुम तलते है क्या?"

"तलते हैं, फिर नींबू और मसाला. बैठो, खिलाती हूँ."

लिंबू पिळलेल्या गरम फोडींचे द्रोण आले. बाहेरून खरपूस, आत मऊ, जिभेला किंचित चिकट. आपल्याकडे कंद म्हणजे उपासाचं नाहीतर अडचणीचं खाणं. इथं लोक गाडीवर उभे राहून हौसेनं खात होते. आई ते बघत राहिली. मग तिनं त्या बाईला विचारलं, कडू कंद असतो तो तुम्ही खाता का. बाई म्हणाली, तो कसा खाणार, घसा धरतो. आईनं पाटावर टेकून तिला सगळी रीत सांगितली, चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, सकाळी एक चकती जिभेला लावून बघायची. बाईनं सोलायचं थांबवलं. म्हणाली, तिची आजी धारच्या बाजूच्या डोंगरातली, ती असंच काहीतरी करायची, पण कसं ते विचारायचं राहून गेलं. आता आजी नाही. तिनं आईकडून पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि स्वतः म्हणून दाखवलं.

एवढ्यात रुद्रनं मसाल्याचा हात डोळ्याला लावला आणि टाहो फोडला. गाडीवालीनं त्याला मांडीवर आडवा घेतला, तांब्यातल्या पाण्यानं डोळा धुतला आणि आपल्या पदराच्या टोकावर तोंडाची वाफ घेऊन डोळा शेकला. माझ्या आईनंही अगदी असंच केलं असतं. रडणं थांबायला अर्धा तास लागला. निघताना त्या बाईनं आईच्या पिशवीत एक अख्खा कंद घातला आणि पैसे घेतले नाहीत. आईनं उरलेल्या भाकऱ्यांतल्या दोन तिला दिल्या. काळ्या भाकरीचा वास घेऊन ती म्हणाली, "रागी?" आई म्हणाली, "नागली." दोघींचंही बरोबर होतं.

परतीचं विमान

चारच्या विमानाला दुपारी बारा वाजता चौदा जागा होत्या. ते पाहून मी फोन पर्समध्ये टाकला, आणि पुन्हा काही पाहिलं नाही. सकाळचा धडा मी चार तासांत विसरले होते. रोज दुसऱ्यांना सांगत असते, शेवटच्या मिनिटापर्यंत काही खरं नसतं, पण ते आपल्यालाही लागू आहे हे माझ्या मनात आलं नाही.

इंदूरच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं पडद्यावरून मान वर केली नाही. "दुसऱ्या विमानाचे प्रवासी यात घेतलेत, मॅडम. तीन जागा आहेत. तुम्ही चौघं."

"नंतरचं?"

"साडेसहाचं. शेवटचं. आत्ता तरी ते पूर्ण भरलेलं दाखवतंय. एखादी मिळाली तर मिळाली, चार नाही मिळणार. मला दोन मिनिटांत सांगा, दार बंद करायचंय."

मी बाजूला झाले. हिशेब सोपा होता आणि तोच मला मांडवत नव्हता. चौघं थांबलो तर चौघं इंदूरला अडकणार, परक्या गावात दोन मुलांना घेऊन, दुसऱ्या दिवशी पहाटे माझी पाळी. तिघं जायची तर मुलांबरोबर एक मोठं माणूस हवं. मी गेले तर आई इथं एकटी राहणार, आणि तिच्याच्यानं पुढचं विमान कसं शोधवणार. मग उरत होतं एकच. पण ज्या बाईला अक्षर येत नाही, जी आज सकाळी पहिल्यांदा विमानात बसली, तिच्या हाती दोन मुलं देऊन मी मागं राहायचं.

आईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालां?"

मी सांगितलं.

"मंग मी नेते," ती म्हणाली.

"आये, तुला तिथं काही कळणार नाही. उतरल्यावर लांब चालायचं, वळणं, सरकते जिने—"

"तू वर्साची होतीस," ती म्हणाली, "तवा तुला काखंत मारून मी ठाण्याला गेले. ट्रकात. तुझा बा आधीच गेला होता आणि पत्ता एका कागदावर होता. तो मला वाचता येत नव्हता." ती रुद्रचा बूट बांधायला खाली वाकली. "अठं तर बसायला गादी हाय."

मुलीनं पुन्हा विचारलं, "मॅडम?"

मी तिघांची नावं दिली. सानिकाला एका दमात सगळं सांगितलं. आजीचा हात सोडायचा नाही, उतरल्यावर लोक जातील तसं जायचं, "आगमन" असं लिहिलेलं वाचायचं, बॅगांचा पट्टा असतो तिथल्या खुर्च्यांवर बसायचं, आजीचा फोन सुरू करायचा, आणि मी येईपर्यंत हलायचं नाही. ती मान हलवत होती, पण ओठ घट्ट मिटलेले. रुद्रनं विचारलं, "तू नाही येणार?" मी म्हटलं, "मागून येते." तो आजीबरोबर निघाला आणि मागं वळून न बघता गेला. हिरवं लुगडं दारातून आत गेलं, दार लागलं, आणि मी पर्स उघडून उगीचच काहीतरी शोधत उभी राहिले. पर्स रुद्रनं भरलेल्या कागदांनी ठासून भरली होती.

पुढचे अडीच तास मी एका खुर्चीवर काढले. प्रतिमाची पाळी दुपारीच संपली होती, तिचा फोन लागला नाही. दुसऱ्या कुणाचा नंबर शोधत होते, पण जे ओळखीचे त्यांची सुट्टी आणि ज्यांची पाळी ते ओळखीचे नाहीत. विमान उतरायची वेळ झाली तेव्हा आईच्या फोनवर लावला. बंद. पाच मिनिटांनी बंद. अर्ध्या तासानंही बंद. नवऱ्याला जव्हारला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझ्या आईबरोबर आहेत ना, मग काय." मला त्याचा राग आला. तो बरोबर बोलला असता तरी त्या वेळी मला राग आलाच असता.

अशा वाट बघणाऱ्यांशी मी रोज बोलते. बसा, घाबरू नका, नाव पुकारू, एवढंच सांगते. माझा आवाज त्या वेळी कसा लागत असेल, याचा विचार मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा केला.

साडेसहाचं विमान भरलं. दार बंद व्हायला पाच मिनिटं असताना काउंटरवरच्या त्याच मुलीनं माझं नाव घेतलं. कुणीतरी एक माणूस आला नव्हता. तो कोण, का आला नाही, देव जाणे. त्याचं भलं होवो. सगळ्यात शेवटच्या रांगेत, मधली जागा.

मुंबई

पट्ट्याजवळच्या खुर्च्यांवर ते नव्हते.

मी सगळ्या पट्ट्यांच्या कडेनं चालत गेले, मग पळत गेले. बायकांच्या स्वच्छतागृहात हाक मारली. ज्या जागेत मी नऊ वर्षं डोळे मिटून वावरते, तिथला रस्ता मला सुचेना. बाहेर पडायच्या दाराशी एक पहारेकरी उभा होता, मिशीवाला, उत्तरेकडचा. मी त्याला विचारायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "हरी साडी, दो बच्चे? आपकी माताजी है?"

"कहाँ है?"

"बाहर, खंभे के पास. बोलके गयी है. बोली, लडकी आएगी, घबराई हुई होगी, उसको बताना." मग म्हणाला, "दो बार वहीं से हाथ हिलाके दिखाया, कि बैठी हूँ."

काचेपलीकडे, खांबाला टेकून, आई बसली होती. मांडीखाली पिशवी. रुद्र तिच्या मांडीवर आडवा, तिच्या पदरात गुरफटलेला. सानिका तिला कुणाकुणाच्या गाडीचे नंबर वाचून दाखवत होती.

मी जाऊन समोर उभी राहिले आणि आधी रागावले. "आतच बसा म्हणून सांगितलं होतं."

"पोर कुडकुडत होतां," आई म्हणाली. "आतली हवा लई गार. बाहेर ऊब हाय. पुन्हा आत सोडत नाय म्हटलं त्या दादानं, मंग त्यालाच सांगून ठेवलां."

"फोन?"

सानिकानं मान खाली घातली. "मी बटण दाबलं होतं. पण दाबून धरायचं असतं ते माहीत नव्हतं."

मी खाली बसले. आईनं माझ्याकडे नीट बघितलं, कपाळावरचे केस मागं सारले आणि विचारलं, "जागा गावली का गं तुला? का उभ्यानं आलीस?"

मी म्हटलं, गावली. एवढं बोलून मला रडू आलं. मला रडताना बघून सानिका घाबरली. आईनं पिशवीतून शेवटची भाकर काढली, चार तुकडे केले, आणि आम्ही तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी बसून खाल्ली. नोकरीच्या जागी मी असं कधी बसले नव्हते. माझ्या ओळखीचे दोघं जवळून गेले. मी त्यांना हात केला.

सानिकाकडून मग सगळं ऐकलं. सरकत्या जिन्यापाशी आजी थांबली, म्हणाली, आधी बघू लोक पाय कसा टाकतात. पाच माणसं जाऊ दिली आणि सहावी स्वतः गेली, रुद्रला कडेवर घेऊन. "आगमन"ची पाटी सानिकानं वाचली, पण वळणाशी दोन बाण होते. तेव्हा आजी म्हणाली, ज्या बाजूनं लोक दमलेले दिसतात ती बाहेर जायची वाट.

पोशेरा, पुढचा रविवार

मला सुट्टी रविवारी मिळाली. मुलांना घेऊन पोशेऱ्याला गेले. आईनं इंदूरच्या त्या कंदाचे डोळे असलेले तुकडे करून राखेत घोळून ठेवले होते, पाऊस लागला की लावायचे म्हणून. तिची मैत्रीण अंगणात तांदूळ निवडत होती. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. सानिकानं तिला विमानाची सगळी गोष्ट सांगितली. वर्गातही ती सांगून झाली होती, त्यामुळे आता ती सराईतपणे सांगत होती.

मैत्रिणीनं सूप खाली ठेवलं आणि आईला विचारलं, "पर भ्या नाय वाटलां तुला? एवढ्या वर, दोन पोरां घेऊन, एकटी?"

"मला कशाचां भ्या," आई म्हणाली. "पोरां माझ्यापाशी होती." आणि माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाली, "भ्यायली ती ही. हिची सगळी पुढं गेली होती ना, ही एकलीच मागं."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.